नियमग्रंथातील मनुष्य : सायबरपंक खेळातील हॅकर आणि त्याची सामग्री

भारतीय साहित्यांच्या अभ्यासविभागांत 'संहिता' या संज्ञेची कक्षा गेल्या काही दशकांत पुष्कळच रुंदावली आहे. ओवी, लावणी, कीर्तनाचे आख्यान, दशावतारी खेळ, चित्रपटगीत, इतकेच काय पण भिंतीवरची जाहिरातसुद्धा आज निःसंकोचपणे अभ्यासविषय होते, आणि ते योग्यच आहे. असे असूनही एक लेखनप्रकार आपल्या दारात येऊन उभा असताना आपण त्याच्याकडे पाठ फिरवून बसलो आहोत. ज्यांना रोलप्लेइंग गेम म्हणतात त्या बैठकीच्या भूमिकाखेळांचे नियमग्रंथ हा तो प्रकार होय. हे ग्रंथ मुलांच्या करमणुकीचे साहित्य आहेत, त्यांत कोष्टके आणि किंमती यांपलीकडे काही नाही, असा सर्वसाधारण समज दिसतो. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. या ग्रंथांतील साहित्य त्यांच्या कोष्टकांतच आहे. मधूनमधून घातलेल्या कथा आणि वर्णने बहुधा सामान्य प्रतीची असतात, ती वगळली तरी फारसे बिघडत नाही.

ज्यांना या खेळांचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चारसहा माणसे एका टेबलाभोवती बसतात, त्यांतील एक सूत्रधार होतो, इतर प्रत्येकी एक पात्र धारण करतात, आणि बोलत बोलत कथा पुढे सरकते. निर्णायक क्षणी फासा टाकावयाचा. १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'पासून या प्रकाराची परंपरा धरली जाते. विल्यम गिब्सन यांची 'न्यूरोमॅन्सर' ही कादंबरी १९८४ साली आली आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १९८८ मध्ये, माइक पाँडस्मिथ यांनी 'सायबरपंक' हा खेळ रचला. १९९० मध्ये त्याची 'सायबरपंक २०२०' ही आवृत्ती निघाली, आणि २०२० मध्ये 'सायबरपंक रेड'. या शेवटच्या ग्रंथातील काळ २०४५ चा आहे, स्थळ नाइट सिटी नावाचे कल्पित अमेरिकन शहर. त्यात खेळाडूसमोर दहा भूमिका ठेवल्या आहेत. गायक, भाडोत्री योद्धा, वैद्य, वार्ताहर, दलाल अशा त्या भूमिकांत एक 'नेटरनर', म्हणजे या जगातला हॅकर. त्याच्याविषयीच मला येथे बोलावयाचे आहे.

नेटरनर व्हावयाचे तर काय लागते? प्रथम मेंदूशी जोडलेली न्यूरल लिंक, तिची किंमत ५०० युरोबक. त्यावर इंटरफेस प्लग, तेही ५०० चे. मग सायबरडेक हे हातातले यंत्र, ते साधारण प्रतीचे घेतल्यास पुन्हा ५००. डोळ्यांवर चढवावयाचा चष्मा आणि आज्ञावली यांचा खर्च निराळा. आता हाच ग्रंथ थोडा पुढे उलटावा. तेथे महिन्याच्या निर्वाहखर्चाचे कोष्टक आहे. सर्वांत हलके, जनावरांच्या खाद्यासारखे अन्न खाऊन दिवस काढावयाचे तर महिना १०० युरोबक. आणि ताजे अन्न, म्हणजे आपल्या घरी रोज शिजते तसले, खावयाचे म्हटले तर महिना १५००. मालवाहू जहाजावरच्या लोखंडी पेटीत राहण्याचे भाडे महिना १०००, आणि उत्कृष्ट प्रतीच्या सायबरडेकची किंमतही १०००च.

ही दोन कोष्टके एकमेकांजवळ ठेवून पाहिली म्हणजे ग्रंथकर्त्याने एक शब्दही न उच्चारता एका समाजाचे चित्र कसे उभे केले आहे ते ध्यानात येते. एक माणूस मेंदूत तार घालून घेतो, हातात यंत्र घेतो, सबंध नवा मनुष्य होतो. आणि या सगळ्याला जितके पैसे लागतात तितक्यात दुसरा कोणी एक महिना भाजीभाकरी खातो. यंत्र स्वस्त आणि अन्न महाग, अशा जगात तरुण मुलगा काय विकत घेईल हे सांगावयास निवेदकाची गरज उरत नाही. सामाजिक कादंबरीत हाच आशय पोहोचवावयास पन्नास पाने खर्ची पडतात, आणि तरीही तो वाचकाच्या हिशेबात उतरतोच असे नाही. येथे तो हिशेब वाचक स्वतः मांडतो, कारण पैसे त्याच्या पात्राच्या खिशातून जावयाचे असतात.

सायबरडेकच्या रचनेत आणखी एक मार्मिक योजना आहे. साधारण यंत्रात सात खण असतात, हलक्या प्रतीच्या यंत्रात पाच, उत्कृष्ट यंत्रात नऊ. प्रत्येक आज्ञावली एक खण अडविते. हल्ल्याची, बचावाची, माग काढण्याची, दार उघडण्याची अशी कितीतरी साधने विक्रीस आहेत. पण शत्रूच्या यंत्रणेतील मारक रक्षक, ज्यांना काळे बर्फ म्हणतात, ते स्वतःच्या बाजूने वापरावयाचे ठरविल्यास प्रत्येकी दोन खण जातात. यंत्राच्या संरक्षणाचे सुटे भागही खणच खातात. म्हणजे ज्याने तलवार घेतली त्याने ढालीची जागा घालविली. ज्याने यंत्र जळू नये म्हणून तारांना वेष्टन करून घेतले त्याने चपळाई सोडली. खेळाडू पात्राचा स्वभाव लिहून काढतो त्यापेक्षा त्याने सात खणांत काय भरले आणि काय बाहेर ठेवले यावरून तो स्वभाव अधिक खरा कळतो. भित्रा, उतावळा, सावध, सूडाने पेटलेला, अशी सगळी माणसे त्या सात खणांत सापडतात.

येथे भरताची आठवण होणे अपरिहार्य आहे. नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. वेष, अलंकार, शस्त्रे, उपकरणे ही आहार्यात मोडतात, आणि आपल्या काव्यशास्त्रीय चर्चेत आहार्याला नेहमीच पायरीच्या खालचे स्थान मिळत आले. सत्त्व वरचे, वेष बाहेरचा. सायबरपंक खेळाने हा क्रम मोडला, आणि तो अशा रीतीने मोडला की आहार्य थेट सात्त्विकाला कमी करते. या खेळात प्रत्येक पात्राला सहानुभूतीचा एक अंक असतो, आणि त्याच्या दसपट त्याची 'ह्यूमॅनिटी'. शरीरात यंत्र बसविले की तीतून वजाबाकी होते. न्यूरल लिंकचे सात गेले, प्लगचे सात गेले. सहानुभूती सहा असलेला तरुण साठावरून शेहेचाळीसावर येतो आणि त्याची सहानुभूती चार उरते. उपचार करून घेऊन त्यातले काही परत मिळविता येते, पण सगळे नाही, कारण प्रत्येक यंत्र वरची मर्यादाच दोन अंकांनी खाली आणते. कथेचे पहिले वाक्य उच्चारण्यापूर्वीच हॅकर इतका उणा झालेला असतो.

हा नियम कितीही प्रभावी असला तरी मला तो पूर्णपणे मान्य नाही. माणसाच्या देहात कृत्रिम वस्तू आली की माणूस तितका कमी झाला, ही कल्पना ज्यांना धडधाकट हातपाय आहेत त्यांनाच सुचू शकते. १९६८ च्या सुमारास जयपूर येथे रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जो कृत्रिम पाय सिद्ध केला, तो लावून पुन्हा शेतात उतरलेल्या माणसाला, तुझी माणुसकी सातांनी घटली, असे कोण सांगेल? या आक्षेपाची जाणीव पाँडस्मिथ आणि त्यांचे सहकारी यांनाही झालेली दिसते. 'रेड'मध्ये गमावलेल्या अवयवाची केवळ भरपाई करणारे वैद्यकीय साधन या वजाबाकीतून वगळले आहे. सुधारणा स्वागतार्ह आहे. तरीही ती नियमाला अपवाद म्हणून आली आहे. मूळ सिद्धान्त जागचा हललेला नाही.

सामग्रीच्या नियमांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो अंतराचा नियम. जुन्या आवृत्तीत नेटरनर घरी बसून जगाच्या दुसऱ्या टोकाच्या यंत्रणेत शिरू शकत असे. परिणाम असा होई की त्याचा शोध एका निराळ्या आलेखावर, निराळ्या वेगाने चाले, आणि टेबलाभोवतीचे इतर खेळाडू ताटकळत बसत; तेवढ्यात बाहेर जाऊन जेवून यावे, असा विनोद या खेळाच्या वर्तुळांत रूढच झाला. 'रेड'ने यावर उपाय केला. जुने जाळे कोसळले अशी कथा रचली, प्रत्येक कचेरीची यंत्रणा मजल्यामजल्यांची एक बंद इमारत केली, आणि असे ठरविले की प्रवेशद्वारापासून सहा मीटरांच्या आत उभे राहिल्याशिवाय नेटरनरला आत जाता येणार नाही. यंत्राला जादा भाग जोडला तर हे अंतर आठ मीटर होते. दोन मीटर अधिक आणि एक खण कमी!

वरवर पाहता ही केवळ खेळाच्या सोयीची दुरुस्ती. पण तिचा वाङ्मयीन परिणाम दूरगामी आहे. गिब्सन यांच्या कादंबरीतील केस हा नायक देहाला तुच्छ मांस समजतो. जाळ्यात विहरणे हीच त्याची मुक्ती, आणि देहात परत येणे ही शिक्षा. देह आणि आत्मा यांच्या द्वैताची ही ओळखीची मांडणी आहे, फक्त तिला विजेच्या तारा जोडल्या आहेत. सहा मीटरांचा नियम या मांडणीशी सरळ वाद घालतो. हॅकरने देहासकट यावे, जिना चढावा, पहारेकऱ्याच्या नजरेसमोरून जावे, आणि तो जाळ्यात गुंतलेला असताना कोणीतरी त्याच्या पाठीशी बंदूक घेऊन उभे राहावे. एकट्याच्या मुक्तीची कथा त्यामुळे सोबतीची कथा होते. कादंबरीला खेळाच्या नियमाने दिलेले इतके समर्पक उत्तर समीक्षकांच्या लेखांतही मला क्वचितच आढळले.

याच्या जोडीला 'शॅडोरन' हा १९८९ चा खेळ पाहावा. त्यात जादू आणि यंत्र एकत्र नांदतात. तेथेही माणसाचे 'एसेन्स' सहा अंकांचे आणि यंत्रागणिक घटणारे. तेथला हॅकर, म्हणजे डेकर, यंत्रावरच अवलंबून. पण २००५ च्या चौथ्या आवृत्तीत 'टेक्नोमॅन्सर' आला, जो कोणत्याही उपकरणाशिवाय केवळ अंगच्या शक्तीने जाळ्यात संचार करतो आणि ज्याने देहात यंत्र घालून घेतले तर त्याची ती शक्तीच क्षीण होते. साधन आणि साधना यांतील हा भेद आपल्या वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही. मला मात्र टेक्नोमॅन्सर कमी रोचक वाटतो. ज्याला काही विकत घ्यावे लागत नाही त्याच्याविषयी किंमतींचे कोष्टक मौन पाळते, आणि समाज दिसेनासा होतो.

हे सारे वाचन म्हणजे अतिवाचन आहे, नियमग्रंथ हा वापरावयाचा असतो, वाचावयाचा नसतो, असा आक्षेप येईल. नाटकाच्या संहितेविषयीही असेच म्हटले जात होते. आणि सूत्रवाङ्मयाच्या अभ्यासकाने तरी असे म्हणू नये. पाणिनीच्या विकल्पवाचक 'वा', 'विभाषा' आणि 'अन्यतरस्याम्' या तीन शब्दांत पसंतीचा तरतमभाव आहे, असे प्रतिपादन पॉल किपार्स्की यांनी १९७९ मध्ये एका सबंध ग्रंथात केले. ते सर्वांना पटले असे नाही. पण विकल्प कसा सांगितला यात अर्थ असतो, एवढे तरी आपण सर्वजण गृहीत धरतो. मग खेळाडूपुढे ठेवलेल्या विकल्पांत तो नसेल असे कशावरून?

शिवाय आपण हे ग्रंथ वाचले नाहीत तर ते दुसरे कोणी वाचतात. १ मार्च १९९० रोजी अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने टेक्सासमधील ऑस्टिन येथे स्टीव्ह जॅक्सन गेम्स या प्रकाशनसंस्थेवर छापा घातला. तपासाचा मूळ विषय निराळा होता. परंतु जप्त झालेल्या सामग्रीत लॉइड ब्लँकेनशिप यांच्या 'गर्प्स सायबरपंक' या नियमग्रंथाचे हस्तलिखितही गेले, आणि हे पुस्तक म्हणजे संगणकीय गुन्ह्यांची मार्गदर्शिका आहे असे एका अधिकाऱ्याने सांगितल्याचे प्रकाशकाने नमूद केले. पुस्तक जुन्या मसुद्यांवरून पुन्हा जुळवून त्याच वर्षी काढावे लागले. १९९३ मध्ये न्यायालयाने प्रकाशकाच्या बाजूने निर्णय देऊन पन्नास हजार डॉलर भरपाई मंजूर केली. कल्पित यंत्राचा कल्पित नियम आणि खऱ्या कुलपाची खरी किल्ली यांत भेद करणे हे वाङ्मयप्रकाराच्या जाणिवेचे काम आहे. ती जाणीव शासनाच्या अधिकाऱ्यापाशी असेलच असे नाही. ती निर्माण करणे ज्यांचा व्यवसाय, त्यांनी प्रथम ते पुस्तक उघडले पाहिजे.

विद्यार्थ्यांसाठी यातील काही पाने मराठीत आणण्याचा मी प्रयत्न करून पाहिला. खण, आज्ञावली, प्रवेशद्वार येथपर्यंत अडचण आली नाही. 'हॅकर' तसाच ठेवला. त्याला चोर म्हणावे तर त्यातील कौशल्य जाते, आणि कारागीर म्हणावे तर चोरी जाते. अडलो तो 'ह्यूमॅनिटी'पाशी. 'मानवता' हा शब्द सभेतला आहे, त्यातून सात वजा करता येत नाहीत. 'मनुष्यत्व' लिहावे तर मनुष्य मरेपर्यंत मनुष्यच राहतो, ते उणे होईल कसे? 'माणुसकी' सोडता येते, गमावता येते, विकताही येते; पण ती आपल्या भाषेत नेहमी कृतीतून जाते, तार बसविल्याने नव्हे. हा शब्द वापरला की वजाबाकीचा तो नियम मराठीत चुकीचा वाटू लागतो. कोष्टकाच्या त्या रकान्यावर मी सध्या 'माणुसकी' असे पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.