मॉलमागची खानावळ

मुंबईला नातलगांकडे गेलं की हल्ली लोअर परळचा फिनिक्स मॉल दाखवायला नेतातच. झगमगाट पाहून डोळे दिपतात खरे. पण मैत्रिणींनो, ती फिनिक्स मिलची जागा! आपल्या वऱ्हाडातला कापूस ज्या गिरणगावात जायचा, ते हेच.

कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार जेवायचे कुठं? खानावळवाल्या बायांकडे. एका खोलीत वीस-पंचवीस जणांचा स्वयंपाक, पैसे महिन्याच्या पगाराला, तोवर किराणा उधार नाहीतर सावकार. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ काढलं ते यांच्यासाठीच, बँकेचं कर्ज मिळावं म्हणून.

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. कित्येक जण गावी परतले, मग जेवणार कोण? पुढं गिरण्या एकेक बंद पडल्या. 2001 मध्ये नियम बदलला आणि गिरण्यांच्या जमिनीतला घरांचा वाटा आणखी आक्रसला. म्हाडाकडे लाखाहून अधिक अर्ज आले, घरं मिळाली काही हजारांना. तीही कामगार आणि त्यांच्या वारसांसाठी. भाकरी थापणारीला त्या अर्जात रकानाच नाही.