सिस्टरवर उगारलेला हात

परिचारिकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी का, असा जाब मंत्रालयात जाऊन विचारण्याची आपल्यात धमक नाही. औषधांचा साठा संपला तर खरेदीची फाईल कुठे अडली, हे शोधण्याची चिकाटी नाही. पण मध्यरात्री वॉर्डात एकट्या असलेल्या सिस्टरच्या अंगावर धावून जायचे म्हटले की आपल्यातले चार पुरुष लगेच शूर होतात.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. प्रत्यक्षात रात्रपाळीला सगळा वॉर्ड एकीच्या गळ्यात पडतो. एकाचे सलाईन संपत आलेले, दुसऱ्याला ऑक्सिजन लावायचा, तिसरा नुकताच ऑपरेशनहून आणलेला. "ए बाई, आमचा पेशंट तिकडे तडफडतोय आणि तू लिहीत काय बसलीस?" ती त्याच पेशंटच्या केसपेपरवर इंजेक्शनची वेळ लिहीत असते. तोवर ट्रॉलीला लाथ बसते, आईवरून शिवी येते, मनगट पिरगळले जाते. सकाळी साहेब तिलाच समजावतात, "जाऊ द्या सिस्टर, दुःखात होते बिचारे." दुःखात माणूस रडतो, समोरचा दुबळा पाहून हात उचलणे याला भेकडपणा म्हणतात.

हे 'जाऊ द्या' आजचे नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेचा गळा तिथल्याच एका कामगाराने कुत्र्याच्या साखळीने आवळला, तिच्यावर अत्याचार केला. तिचे लग्न ठरले होते. बभ्रा नको म्हणून लैंगिक अत्याचाराची तक्रारच झाली नाही. आरोप लागले ते लुटीचे आणि जीव घेण्याच्या प्रयत्नाचे. तो सात वर्षांची शिक्षा भोगून सुटला. ती १८ मे २०१५ ला मरेपर्यंत, ४१ वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयात पडून राहिली. मध्यंतरी खाट मोकळी करण्यासाठी पालिकेने तिला हलवायचे ठरवले, तेव्हा आडव्या आल्या त्या परिचारिकाच. अब्रूची काळजी सगळ्यांनी केली. अरुणाची काळजी परिचारिकांनी केली.

कायदा नाही म्हणावे, तर महाराष्ट्रात तो २०१० पासून आहे. वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरचा हल्ला हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्यात परिचारिकाही येतात. पण फिर्यादच नोंदवली गेली नाही, तर त्या कलमांचे करायचे काय? आणि ती नोंदवायला सिस्टरने एकटीने ठाण्यात खेटे घालायचे, वर "हिचेच काहीतरी असेल" हे ऐकायचे! स्थळ सांगून आले की रात्रपाळीवरून नाक मुरडणारे, आजारी पडल्यावर त्याच रात्रपाळीच्या जिवावर जगणारे आणि १२ मे रोजी, परिचारिका दिनी, तिला गुलाब देऊन फोटो काढणारे आपणच.

गुलाब राहू द्या. उद्या तुमच्यासमोर वॉर्डात कोणी सिस्टरवर हात उगारला, तर मोबाईलवर चित्रण करत उभे राहू नका. तो हात धरा, मग तो तुमच्या सख्ख्या भावाचा का असेना. तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा, जबाबाखाली आपले नाव आणि पत्ता लिहा, आणि तारीख पडेल त्या दिवशी कोर्टात हजर राहा.