घरांतली विद्या

यंदाचे प्रवेश-अर्ज चाळीत असतां एका अर्जावर आमची दृष्टि थबकली. 'आईचा व्यवसाय' या रकान्यांत विद्यार्थ्यानें सुवाच्य अक्षरांत लिहिलें होतें, 'कांहीं नाहीं'. मग पाहतों तों असे अर्ज पुष्कळच निघाले. पहाटे सर्वांच्या आधीं उठून रात्रीं सर्वांच्या मागून निजणारी माउली शाळेच्या दप्तरीं 'कांहीं नाहीं' म्हणून नोंदली गेली आणि आम्हींही त्यावर निमूटपणें शिक्का मारला. दोष केवळ मुलांचा नव्हे. छापील असेल तेंच ज्ञान, असें आम्हां शिक्षकांच्याच वागण्यांतून तीं शिकलीं.

आमच्या भाषेचा अनुभव मात्र निराळा आहे. जळगांवजवळील आसोदें गांवीं १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. शेतांत राबतांना व जात्यावर बसल्या असतां त्यांना गाणीं सुचत. विहिरीवरची मोट, सुगरणीचा खोपा, घरांतली चूल, या वस्तू कोणाच्या परिचयाच्या नव्हत्या? पण त्यांच्यापाशीं थांबून विचार करणारें मन विरळा. मुलानें, कवि सोपानदेव यांनीं, व एका आप्तानें त्यांतील कांहीं गाणीं उतरून घेतलीं, म्हणून बहिणाबाई १९५१ सालीं निवर्तल्यावर १९५२ सालीं तीं ग्रंथरूपानें लोकांस वाचावयास मिळालीं. जीं कोणी टिपलीं नाहींत तीं त्यांच्याबरोबरच गेलीं.

दुसरें उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचें. त्यांनाही रीतसर शाळा लाभली नव्हती. तरी १९३४ पासून प्रसिद्ध झालेलीं त्यांचीं 'स्मृतिचित्रें' मराठींतील उत्तम आत्मचरित्रांत गणलीं जातात. त्यांत आहे काय? स्वयंपाकघर, प्रवास, पाहुणे, पैशाची ओढाताण आणि नवऱ्याचा विसराळूपणा! वडिलांच्या अतिरेकी सोवळ्यामुळें घरांत जिनसा धुऊन घ्याव्या लागत, तें दुःखसुद्धां बाई हंसत सांगतात.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. घरांत चालत आलेलें सर्वच शहाणपण असतें, असें आमचें म्हणणें नाहीं. पुष्कळ कठोर व अन्यायी रूढि घरांतच पोसल्या गेल्या. त्याच सोवळ्यांत वाढलेल्या लक्ष्मीबाईंनीं पुढें स्वतः विचार करून जातिभेद मनांतून काढून टाकला. रोजच्या अनुभवाला त्यांनीं प्रश्न विचारले, म्हणून तो त्यांचा गुरु झाला. एरवीं तेंच आयुष्य कंठून किती माणसें जशींच्या तशीं राहतात!

त्या अर्जाच्या विद्यार्थ्यास आम्हीं आठ दिवस आईजवळ बसून तिचें काम लिहून आणावयास सांगितलें. त्यानें दोन पानें आणलीं. ज्वारी वाळली कीं नाहीं हें दाणा चावून कळतें. कट्कन फुटला तर भरून ठेवावी, दबला तर आणखी ऊन द्यावें. उसनें पीठ परत करतांना माप थोडें चढतें असावें. शेजारीं मृत्यु झाला तर आधीं पिठलें-भाकरी घेऊन जावें, बोलणें मागाहून. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. त्या आम्हीं दुरुस्त केल्या. मजकुरांत हात घालण्यास आम्हांस धैर्य झालें नाहीं.

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलानें असें कांहीं विचारलें तर 'तुला काय करायचें आहे, जा, अभ्यास कर' म्हणून त्यास उठवूं नये. आमचा विद्यार्थी पहिल्या दिवशीं याच उत्तरानें परत आला होता.

त्याचा अर्ज आम्हीं त्याला परत दिला आहे. तो रकाना आतां पुन्हा भरावयाचा आहे, आणि त्यांत काय लिहावें हें तो आईलाच विचारणार आहे.