घरकुलाला दुसरे दार हवे

25 मे 2021 रोजी राज्य सरकारने 18 जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. त्या यादीत वाशिम होता. लक्षणे सौम्य असली तरी रुग्णाने घरी थांबू नये, कोविड केअर सेंटरमध्ये दाखल व्हावे, असे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितले. कारण उघड होते. घरी ठेवलेला एक रुग्ण घरातल्या साऱ्यांना आजारी पाडत होता. त्या वेळी अनेकांनी याचे खापर लोकांच्या बेशिस्तीवर फोडले. लोक ऐकत नाहीत, फिरतात, गर्दी करतात, असे म्हटले गेले. त्यात तथ्य नव्हते असे नाही. फेब्रुवारीत जिल्ह्यातल्या पोहरादेवीला एका मंत्र्याच्या भेटीवेळी जमलेली गर्दी साऱ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिली होती, आणि ती गर्दी काही एकट्या सामान्य माणसाने जमवलेली नव्हती. पण हा निर्णय पुन्हा वाचला तर तो माणसांपेक्षा घरांवरचा शेरा वाटतो. या जिल्ह्यातल्या घरांत एका आजारी माणसाला बाकीच्यांपासून वेगळे ठेवता येत नाही, हे सरकारने त्या आदेशातून कबूल केले होते. लाट ओसरली, सेंटर बंद झाली, खाटा गुंडाळल्या गेल्या आणि शेरा तिथेच राहिला.

महामारीने लोकांच्या घराविषयीच्या अपेक्षा बदलल्या, असे गेल्या काही वर्षांत आपण सतत वाचतो. ते वाचताना डोळ्यांपुढे येते ते पुण्या-मुंबईचे घर. तिथे बदल झाला हे खरेच. राज्य सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात मुद्रांक शुल्क 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणले, गृहकर्जाचे दर उतरले, आणि त्या डिसेंबरात एकट्या मुंबईत 19 हजारांहून अधिक घरांची नोंदणी झाली. जाहिरातींत बाल्कनी आली, लॅपटॉपसाठी कोपरा आला, वन बीएचकेची जागा टू बीएचकेने घेतली. ही सगळी मागणी बाजारात दिसली, कारण तिच्यामागे पैसा होता. वाशिमच्या गावांत उमटलेली इच्छा मात्र बाजाराच्या हिशेबात आलीच नाही. जिच्यासाठी पैसे मोजता येत नाहीत, ती मागणी आपल्याकडे मागणी धरली जात नाही.

ही इच्छा कशी तयार झाली ते आठवून पाहावे. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 11 लाख 97 हजार, आणि त्यातली पाचातली चार माणसे खेड्यांत राहणारी. सोयाबीन, तूर, कापूस यांवर चालणारा जिल्हा. मोठा उद्योग नाही. मानोरा, मालेगाव, रिसोडकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीवर, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात. त्यांचे गावातले घर वर्षातले काही महिने कुलूपबंद, किंवा एखाद्या म्हाताऱ्याच्या भरवशावर. मार्च 2020 नंतर ही सारी माणसे एकाच वेळी परतली. चौघांच्या घरात आठ-नऊ जण झाले. गावाने त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवले, कुणी शेतातल्या कोठ्यात चौदा दिवस काढले, कुणी चार बांबू रोवून ताडपत्री टाकली. त्याच दिवसांत कापसाची खरेदी रखडली होती, म्हणजे ज्या खोलीत माणसांनी निजायचे तिथे कापूस छताला टेकलेला. घरात कापूस जास्त दिवस राहिला की अंगाला खाज सुटते, हे वऱ्हाडात लहान पोरालाही ठाऊक आहे. पुढे शाळा मोबाइलवर आली. एका खोलीत अभ्यास, चूल, टीव्ही आणि खोकणारी आजी. फेब्रुवारी 2021 मध्ये रिसोड तालुक्यातल्या देगावच्या एका निवासी शाळेत 229 विद्यार्थी बाधित निघाले, तेव्हा एका छताखाली झोपणे म्हणजे काय, हे आकड्यातच समोर आले.

या दोन वर्षांनी इथल्या माणसाला मोठे घर हवेसे वाटू लागले, असे मला वाटत नाही. त्याला हवेसे वाटले ते भाग पाडलेले घर: जिचे दार लावता येईल अशी एक खोली. त्या खोलीला बाहेर उघडणारी खिडकी, जमल्यास बाहेरून येण्याचे स्वतंत्र दार, आणि पुढे सावलीचा ओटा. आजारी माणूस, बाळंतीण, दहावीची मुलगी, सुरतेहून परतलेला दीर यांतल्या कुणालाही आत घेता येईल आणि बाकीचे घर चालू राहील, एवढेच. शहरातली मागणी अधिक जागेची होती, इथली मधल्या भिंतीची होती. दोन्हींत फरक आहे, आणि धोरणाच्या दृष्टीने तो फार सोयीचा फरक आहे. कारण भिंत जागेपेक्षा स्वस्त असते.

आता सरकारी घरकुलाकडे पाहू. खेड्यात नवे पक्के घर म्हटले की बहुतेक गरीब कुटुंबांच्या बाबतीत ते घरकुलच असते: प्रधानमंत्री आवास, रमाई, शबरी, तांड्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत. 2016 मध्ये प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण सुरू झाली तेव्हा घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह 25 चौरस मीटर ठरले, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट. अनुदान सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार. आधीच्या इंदिरा आवासच्या 20 चौरस मीटरपेक्षा हे बरे होते, यात वाद नाही. शौचालयाला वेगळे 12 हजार आणि रोजगार हमीची मजुरीही मिळते. पण या मापात घर कसे विभागायचे, याचा आग्रह कुठे नाही. हप्ते मिळतात ते जोता, भिंती, छत या क्रमाने. अभियंता येतो, फोटो जिओटॅग होतो, रक्कम खात्यात पडते. छत पडले की घर ‘पूर्ण’. आत एकच लांबट खोली आहे की दोन, खिडकी समोरच्या भिंतीत एकच आहे की वारा आरपार जातो, याने हप्त्यात एक रुपयाचाही फरक पडत नाही. मग लोक एकच खोली बांधतात. उरलेल्या पैशात पुढची भिंत रंगते आणि सोयाबीनची पोती कोपऱ्यात रचली जातात. 2011 च्या जनगणनेत देशातली 37 टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. (ताजा आकडा देता येत नाही, कारण 2021 ची जनगणना महामारीनेच लांबवली.) सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या घरांनी कच्च्या एका खोलीची पक्की एक खोली केली, खोल्यांची संख्या वाढावी असा प्रयत्न केला नाही.

याला उत्तर म्हणून जुन्या घरांचे गोडवे गाण्याची आपल्याकडे खोड आहे. मातीच्या जाड भिंती, धाब्याचे छत, ओसरी, माजघर, न्हाणी, परस. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार. त्यातले तंत्राचे शहाणपण मान्य करावे: मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सिमेंटचा स्लॅब रात्रभर तापलेला असतो आणि धाब्याखाली झोप लागते. ओसरी ही तर साथीच्या काळातली सर्वांत उपयोगी जागा, ना पूर्ण आत ना बाहेर. पण चौक आणि माजघर होते कुणाकडे? कारंज्यातले लाकडी कोरीवकामाचे वाडे व्यापाऱ्यांचे होते, गावातले पाटलांचे. मजुराच्या आणि तांड्यावरच्या घरात एकच खोली पूर्वीही होती. शिवाय त्या जुन्या घरांत वेगळी खोली असली तरी ती अनेकदा बाईला चार दिवस बाजूला बसवण्यासाठी वापरली गेली. तेव्हा मागे जाण्यात अर्थ नाही. घ्यायचे ते एवढेच, की घराला थर असत आणि माणूस एका थरातून दुसऱ्यात जाताना दार ओलांडत असे.

साथ आली की घरे आपोआप सुधारतात, हाही गैरसमज. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हाही लोकांची इच्छा लगेच बदलली. पुढे गावोगावी माणसे घरे सोडून माळावर झोपड्या टाकून राहू लागली, म्हणजे मोकळी हवा हवी हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. पण साथ सरली की तीच माणसे त्याच कोंदट खोल्यांत परतत. फरक पडला तो 1898 मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाल्यावर आणि दोन इमारतींमधले अंतर उजेडाच्या साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनावरून ठरवण्याचा नियम आल्यावर. दादर, माटुंग्याचे रुंद रस्ते आणि हवेशीर इमारती त्याच विचारातून आल्या. त्या ट्रस्टने गरिबांची घरे पाडली जास्त आणि बांधली कमी, हा आरोपही खराच आहे आणि तो विसरू नये. तरी मुद्दा शिल्लक राहतो. लोकांना काय हवे ते प्लेगने दाखवले, पण घर बदलले ते कागदावरच्या नियमाने. कोविडनंतर ग्रामीण घराबाबत असा एकही नियम आलेला नाही. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने योजनेचा दुसरा टप्पा मंजूर केला, 2 कोटी नव्या घरांचा. अनुदान 2016 चेच ठेवले.

यावर पहिला आक्षेप येईल तो संख्येचा. घरांची प्रतीक्षायादी संपत नाही, कुणी पालात राहतो आहे, अशा वेळी खोल्या मोजत बसायचे का? प्रत्येक घरावर जास्त खर्च केला तर घरे कमी होतील. आक्षेप वजनदार आहे, आणि मी क्षेत्रफळ दुप्पट करा म्हणत असतो तर निरुत्तर झालो असतो. पण मागणी आहे ती अर्ध्या विटेची एक आडवी भिंत, एक जादा दार आणि एक जादा खिडकी यांची. 269 चौरस फुटांत हे बसते. दोन्ही खोल्या लहान होतील, पण दोन होतील. पैशाचेही तसेच. 2025 च्या अर्थसंकल्पात राज्याने दुसऱ्या टप्प्यातल्या घरकुलांना 50 हजार रुपये जादा जाहीर केले. त्यातले 15 हजार छतावरच्या सौरऊर्जेसाठी. म्हणजे ठरावीक सोयीसाठी पैसा वेगळा काढता येतो, हे सरकारने करून दाखवले आहे. जे छतावरच्या पॅनेलला जमले ते मधल्या भिंतीला का जमू नये?

दुसरा आक्षेप मला अधिक सतावतो. घरकुलात आणखी एक अट म्हणजे हप्ता अडवायला आणखी एक निमित्त. 15 हजारांचा पहिला हप्ता पडेपर्यंत आणि मोफत म्हणून जाहीर झालेली रेती प्रत्यक्षात दारात येईपर्यंत माणूस किती चकरा मारतो, हे पंचायत समितीच्या आवारात बसणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणून ही अट असू नये, या मताचा मीही आहे. अट न घालता प्रोत्साहन द्यावे: भिंत, दार, खिडकी असेल तर शेवटच्या हप्त्यासोबत ठरावीक जादा रक्कम, नसेल तर मूळ रक्कम न अडता. आणि जोता आखण्याआधी लाभार्थ्याच्या हातात तीन-चार आराखडे असावेत. केंद्राने ‘पहल’ नावाने राज्याराज्यांतल्या हवामानाला साजेशा ग्रामीण घरांचे नमुने कधीच प्रसिद्ध केले आहेत. नमुन्यांचा तुटवडा नाही. ते गावातल्या गवंड्यापर्यंत पोहोचलेले नाहीत, आणि खेड्यात घर कसे होणार हे शेवटी गवंडीच ठरवतो.

तिसरा आक्षेप सर्वांत सोपा आणि सर्वांत लोकप्रिय: महामारी गेली, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या संकटासाठी घरे कशाला बदलायची? पण बंद होणारी खोली कोविडसाठी लागते तशी क्षयासाठी लागते. खोकल्यातून पसरणारा तो आजार महामारीच्या कितीतरी आधीपासून आपल्या घरांत आहे आणि त्याच्यासाठी कुठला आदेश निघत नाही. बाळंतपणाला ती लागते. परीक्षेला लागते. नवी सून आली की लागते, आणि याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून ती गरज कमी होत नाही. एका खोलीच्या घरात कपडे बदलायला पहाटेचा अंधार शोधणाऱ्या बाईला शंभर वर्षांचे गणित सांगून उपयोग नाही. महामारीने ही गरज निर्माण केली नाही. ती इतकी वर्षे बाईच्या वाट्याला होती म्हणून दिसली नव्हती. कुटुंबातल्या कमावत्या पुरुषाला चौदा दिवस वेगळे निजावे लागले तेव्हा ती सर्वांना दिसली.

राहिला प्रश्न लोकांच्या हौसेचा. पैसा मिळाला की माणसे पुढच्या भिंतीला टाइल्स लावतात, आत खिडकी ठेवत नाहीत, असे अधिकारी खासगीत म्हणतात. लावतात, खरे आहे. समृद्धी महामार्ग झाल्यापासून शेलूबाजार, मालेगावच्या बाजूने घरांच्या पुढच्या भिंती अधिकच चकचकीत होत चालल्या आहेत. पण घर लोकांना दिसण्यासाठीही असते. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या कुडाच्या भिंती पाहिल्या त्याला टाइल्सची हौस नाकारणारे आपण कोण? खिडकीही हवी हे सांगण्यासाठी टाइल्सची टिंगल करायची गरज नाही.

जिल्ह्यातल्या सरपंचांना आणि ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्यांना म्हणून एकच विनंती आहे, आणि तिच्यासाठी मुंबईहून शासन निर्णय येण्याची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचून झाली की दोन खोल्यांचा एक आराखडा मोठ्या कागदावर काढून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, आणि गावातल्या गवंड्यांना बोलावून तो समजावून सांगा. जोत्याचा फोटो निघण्याआधी. एकदा जोता भरला की मधल्या भिंतीचा पाया घालता येत नाही.