पारा सांगत नाहीं तें

उन्हाळा आला कीं घरोघरीं एकच प्रश्न निघतो : आज पारा किती चढला? नागपुरास ४४ अंश आणि मुंबईस ३३ अंश असें वाचलें म्हणजे मुंबईकर मंडळी स्वतःस भाग्यवान समजतात. ह्या समजुतीची परीक्षा आज आम्ही करणार आहों; कारण घरांतील वृद्धांचा व बालकांचा जीव कित्येकदां तिच्यावर अवलंबून असतो.

हवेंतील उष्णतेचा हिशेब मांडण्यासाठीं पदार्थविज्ञानांत ‘एन्थाल्पी’ नांवाची राशि योजतात. पदार्थाची अंतर्गत ऊर्जा, आणि त्याचा दाब व घनफळ ह्यांचा गुणाकार, ह्या दोहोंची बेरीज म्हणजे एन्थाल्पी; एक किलोपुरती मोजली कीं ती विशिष्ट एन्थाल्पी होय. परंतु आपल्या सभोंवारची हवा कधींच एकटी नसते. तिच्यासवें पाण्याची वाफ असते. म्हणून हिशेब एक किलो कोरड्या हवेमागें करतात, आणि शून्य अंशावरील कोरडी हवा व पाणी ह्यांची एन्थाल्पी शून्य धरतात.

रीत सोपी आहे. एक किलो कोरडी हवा एक अंश तापविण्यास सुमारें १.००६ किलोज्यूल लागतात. त्या आंकड्यानें उष्णमानास गुणावें. एक किलो पाण्याची शून्य अंशावर वाफ करण्यास सुमारें २५०१ किलोज्यूल लागतात, व ती वाफ पुढें दर अंशास १.८६ किलोज्यूल घेते. ह्या दोहोंच्या बेरजेस हवेंतील वाफेच्या वजनानें गुणावें, आणि तो गुणाकार पहिल्यांत मिळवावा.

आतां नागपूरची दुपार घ्या. उष्णमान ४४ अंश, आणि किलोमागें वाफ १० ग्रॅम धरूं. कोरड्या हवेचे ४४.३ व वाफेचे २५.८, एकूण ७०.१ किलोज्यूल झाले. मुंबईची हवा ३३ अंश, पण वाफ २२ ग्रॅम धरूं. कोरड्या हवेचे ३३.२, वाफेचे ५६.४, एकूण ८९.६! अकरा अंशांनीं थंड असलेली हवाच अधिक उष्णता बाळगून आहे. ती वाफेच्या पोटांत गुप्त असल्यामुळें पाऱ्यास दिसत नाहीं, इतकेंच.

ह्याच हिशेबानें वाळ्याच्या ताटीचें मर्म उकलतें. वारा ओल्या वाळ्यांतून येतांना पाण्याची वाफ होते, आणि तिला लागणारी उष्णता हवेकडूनच घेतली जाते. हवा निवते, वाफ वाढते, एन्थाल्पी मात्र जवळजवळ तेवढीच राहते. म्हणून नागपूरची वरील हवा फार तर २३-२४ अंशांपर्यंत उतरूं शकेल. मुंबईची २८ च्या खालीं जाणार नाहीं. हल्लींचा कूलर म्हणजे ताटीचेंच यंत्ररूप होय. मुंबईच्या बंद खोलींत तो चालविला तर ओलावाच वाढतो.

आपलें शरीरही घामाच्या योगानें हीच ताटी चालवीत असतें. घाम वाळला तरच अंग निवतें. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथें उघड्या मैदानावरील समारंभाच्या वेळीं पारा ३८ अंशांच्या आसपास होता. उष्माघातानें १४ माणसें दगावलीं. डोक्यावर ऊन होतेंच, परंतु किनाऱ्याकडील हवेचा ओलावाही अशा वेळीं हिशेबांत धरावयास हवा.

म्हणून गृहस्थांस व गृहिणींस आमची एक सूचना आहे. भिंतीवरील उष्णतामापकाशेजारीं तसाच दुसरा टांगावा, त्याच्या गोळ्यावर ओली चिंधी गुंडाळावी व तिला पंख्याचा वारा लागूं द्यावा. दोन्ही पाऱ्यांत अंतर मोठें असेल तर ताटी, कूलर व घाम आपापलें काम करतील. अंतर थोडें आणि ओला पारा ३० च्या घरांत असेल, तर वडील मंडळींस दुपारीं कामास बाहेर धाडूं नये, मग वर्तमानपत्रांतील आंकडा कितीही सौम्य असो. ओला पारा ३५ वर गेला, तर धडधाकट तरुणाचें शरीरही स्वतःस निववूं शकत नाहीं.