आधी विचारणा, मग वीज

गेल्या श्रावणात आमच्या हातून एक उपद्व्याप घडला. राजेंद्र नगरातील आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक लहानसे वाचनालय आहे. तेथील जुन्या संगणकावर एक निवृत्त शिक्षिका तीन वर्षांपासून आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत उतरवीत आहेत. त्या संगणकाच्या मागे, भिंतीला, फाटकावरील कॅमेऱ्यास वीज पुरविणारी एक काळी डबी लावलेली होती. डबीला दोन अगदी सारख्या खोबणी. एकीत केवळ संदेशाची तार यावयाची. दुसरीतून संदेश आणि वीज दोन्ही बाहेर पडावयाची. झाडलोट करताना निसटलेली संगणकाची तार आम्ही मोठ्या तत्परतेने पुन्हा बसविली, आणि ती नेमकी दुसऱ्या खोबणीत. क्षणभरात जळका वास आला आणि पडदा काळा पडला. "सातव्या पिढीपर्यंत आले होते हो," एवढेच बाई म्हणाल्या.

शेजारच्या बिऱ्हाडातील अभियांत्रिकीचा विद्यार्थी धावत आला. डबी हातात घेऊन तो म्हणाला, "काका, ही डबी आंधळी आहे. समोर कोण आहे हे न पाहताच हिने ४८ व्होल्ट सोडून दिले." कॅमेरे बसविताना, स्वस्त आहे तर हीच घ्यावी, असा आग्रह समितीच्या बैठकीत आम्हीच धरला होता. ते त्याला सांगण्याचे धैर्य त्या वेळी आम्हांस झाले नाही.

बोलणे आणि वीज एकाच तारेतून पाठविण्याची कल्पना तशी जुनीच. २००३ च्या निवडणुकीपूर्वीचे मध्यप्रदेशातील भारनियमन इंदूरकर विसरले नसतील. घरोघरी मेणबत्त्या, पंखे निश्चल. परंतु कोपऱ्यातील टेलिफोन मात्र जिवंत! एक्सचेंजमधील बॅटऱ्यांची सुमारे ४८ व्होल्टची वीज बोलण्याच्या त्याच दोन तारांनी घरात येत असे. मात्र टेलिफोनच्या तारेला बहुधा टेलिफोनच जोडला जाई. संगणकाच्या जाळ्याचे तसे नाही. त्या चौकोनी खोबणीत कॅमेरा, फोन, छपाईयंत्र, संगणक, काहीही बसते. आणि या तारेतून कधी वीज येईल अशी ज्यांच्या रचनेत कल्पनाच नव्हती, अशी असंख्य यंत्रे आधीपासून वापरात होती. विद्युत अभियंत्यांच्या 'आय. ई. ई. ई.' या संस्थेने २००३ साली जे मानक ठरविले, त्यात या जुन्या यंत्रांना धक्का लागू न देण्याची काळजी प्रथम घेतली गेली.

त्या मानकाप्रमाणे वीज देणाऱ्या पेटीत (तिला 'स्विच' म्हणतात, पण तो दिव्याचा खटका नव्हे) एक नियंत्रक चिप बसविलेली असते. पंगतीत वाढपी आधी पान मांडले आहे का ते पाहतो, तशी ही चिप प्रथम चाचपणी करते. २.८ ते १० व्होल्ट एवढाच दाब, आणि प्रवाह ५ मिलिअँपिअरच्या आत. एवढ्याने कोणत्याही यंत्राचे काही बिघडत नाही. जे यंत्र वीज घेण्यासाठी घडविलेले आहे, त्यात सुमारे २५,००० ओहमचा रोधक खूण म्हणून ठेवलेला असतो. चिप ही खूण शोधते, आणि तीही दोन निरनिराळ्या दाबांवर मोजून. याचे कारण मोठे गमतीचे आहे. तारा उलटसुलट जोडल्या गेल्या तरी चालावे म्हणून यंत्राच्या तोंडाशी डायोड बसवितात, आणि ते थोडा दाब स्वतःच खातात. एकाच मोजणीवर विसंबले तर फसगत व्हावयाची. दोन मोजण्यांतील फरक घेतला की डायोडांचा वाटा आपोआप वजा होतो. दाब ४ व्होल्टांवरून ८ वर नेला आणि प्रवाह ०.१६ मिलिअँपिअरने वाढला, की समोर २५,००० ओहम आहेत हे ठरले.

आमच्या संगणकाच्या खोबणीत काय होते, ते त्या मुलाने उघडून दाखविले. बिनवापराच्या तारांच्या दोन जोड्यांना ७५-७५ ओहमचे चिमुकले रोधक लावलेले होते. तारेतील नको तो गोंगाट शमविणे एवढेच त्यांचे काम. दोन्ही मिळून १५० ओहम. चिप असती तर हे आपले गिऱ्हाईक नव्हे हे ओळखून ती गप्प बसली असती. डबीने ४८ व्होल्ट लोटले, म्हणजे तांदळाच्या कणीएवढ्या त्या रोधकांत सुमारे १५ वॅट उष्णता! वास आला तो त्याचाच.

खूण पटली तरी चिपची विचारणा संपत नाही. दाब १५.५ ते २०.५ व्होल्टांपर्यंत चढवून ती "किती लागेल?" असे विचारते. यंत्राने ९ ते १२ मिलिअँपिअर ओढले तर ४ वॅट, १७ ते २० ओढले तर ७, २६ ते ३० ओढले तर १५.४ वॅट त्याच्या नावे राखले जातात. (पुढे २००९ साली ही मर्यादा ३० वॅटांवर आणि २०१८ साली ९० वर गेली.) त्या १५.४ पैकी तारेच्या दुसऱ्या टोकास १२.९५ च मिळतील असे धरलेले आहे. १०० मीटर तारेचा जाऊन-येऊन रोध २० ओहम, प्रवाह ०.३५ अँपिअर, गणित करून पाहावे, मधले २.४५ वॅट तार तापविण्यात जातात. पेटीची एकूण ऐपत संपत आली तर नव्या यंत्रास चिप सरळ नकार देते.

वीज सुरू झाल्यावरही पहारा असतोच. प्रवाह मर्यादेबाहेर गेला आणि ५० ते ७५ मिलिसेकंद तसाच राहिला तर वीज बंद. उलट, तो १० मिलिअँपिअरच्या खाली जाऊन ३०० ते ४०० मिलिसेकंद लोटले, तर समोरचे यंत्र निघून गेले असे समजूनही बंद. आमच्यासारख्या उत्साही मंडळींना हा शेवटचा नियम वरदानच म्हणावयाचा. कॅमेऱ्याची तार उपसून ती दुसऱ्या यंत्रात खुपसावयास अर्धा सेकंद तरी लागतोच; तोवर ती तार निर्जीव झालेली असते.

संगणकाचा मुख्य फलक गेला, तो गेलाच. हार्डडिस्क मात्र शाबूत निघाली आणि साती पिढ्या सुखरूप परतल्या. समितीने नवा स्विच आणला. त्याच्या खोक्यावर '८०२.३एएफ' किंवा '८०२.३एटी' हा आकडा आहे का, ते आम्ही दुकानातच चष्मा लावून दोनदा वाचले. कारण नुसते 'पीओई' हे नाव आमच्या त्या डबीवरही ठळक छापलेले होते. किंमत डबीच्या कितीतरी पट पडली आणि या वेळी आम्ही ब्र काढला नाही. स्विचखाली एक यूपीएस ठेवला आहे. भाद्रपदातल्या गडगडाटी पावसात दोन तास वीज नव्हती, तरी फाटकावरचा कॅमेरा चालू होता.

बाई आता नवव्या पिढीत आहेत. वाचनालयातील तारांना हात लावण्यास आम्हांस मनाई आहे.