बॅनरवर ‘डॉक्टर’ आला, प्रबंधाचा विषय कोठे आहे?

सेनगावसारख्या तालुक्याच्या गावी हल्ली एक नव्या प्रकारचे बॅनर दिसू लागले आहे. वर तथागत आणि बाबासाहेब, मध्ये कोट घातलेला एक तरुण, खाली ‘शिक्षणशास्त्र विषयात पीएच.डी. प्राप्त झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ आणि त्याखाली वीस-पंचवीस शुभेच्छुकांचे फोटो. शुभेच्छुकांत सरपंच असतात, बचत गटाच्या अध्यक्षा असतात, ज्यांनी त्या तरुणाला कधी पाहिलेही नसेल असे नेतेही असतात. एक गोष्ट मात्र त्या बॅनरवर आम्हाला कधी वाचायला मिळाली नाही. या पोराने कशावर संशोधन केले?

या आनंदाची कोणी टिंगल करू नये. सेनगावचा हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. त्या राज्यातले विद्यापीठ म्हणजे १९१८ मध्ये हैदराबादला स्थापन झालेले उस्मानिया, आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू. मराठी बोलणाऱ्या, वेशीबाहेर राहणाऱ्या माणसाच्या लेकराला त्या दारापर्यंत पोहोचण्याचा मार्गच नव्हता. १९५० मध्ये बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद झाले, आणि मराठवाड्याच्या खेड्यातला मुलगा पहिल्यांदा कॉलेजच्या पायऱ्या चढला. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि आमच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्याच आगीत गेले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले. सेनगावचा विद्यार्थी आज त्या नांदेडच्या विद्यापीठाच्या कक्षेत येतो. ज्या प्रदेशात विद्यापीठाच्या नावासाठी माणसे मेली, त्या प्रदेशात पदवीचे बॅनर लागणारच.

पण ज्या समाजाने विद्यापीठाच्या नावासाठी एवढी किंमत मोजली, त्याने विद्यापीठात बसून काय लिहिले जाते तेही विचारायला हवे.

आधी पैशाचे बोलू. शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करणे म्हणजे किती वर्षांचा हिशेब आहे? बारावीनंतर पदवीची तीन वर्षे. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले, एम.एड.ही दोन वर्षांचे. पुढे संशोधनाला २०२२ च्या यूजीसी नियमावलीप्रमाणे किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. म्हणजे अठराव्या वर्षी निघालेला पोरगा तिशीला टेकतो, तोवर घरात एक रुपया येत नाही. सेनगाव तालुक्यातील शेतकऱ्यांनी २०२३ मध्ये कर्ज फेडण्यासाठी आपले अवयव विकत घ्या अशी मागणी केली होती. ही त्या तालुक्याची अवस्था, आणि तीही सातबारा नावावर असलेल्यांची. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याच्या घरात बारा वर्षे कोण थांबणार?

म्हणून फेलोशिप ही मेहेरबानी होत नाही. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून खुद्द बाबासाहेबांना १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले होते. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी हात दिला, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. बाबासाहेबांसारख्या बुद्धिमत्तेच्या माणसाचीही तीन वर्षे पैशावाचून अडत असतील, तर बार्टीच्या संशोधकांची काय कथा! त्यांच्या २०२१ च्या तुकडीतील ८६१ जणांना, सर्वांना फेलोशिप द्या, दोनशेची अट घालू नका, एवढ्यासाठी २०२३ मध्ये आझाद मैदानावर बसावे लागले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला फेलोशिपची चाळणी परीक्षा झाली, तर २०१९ च्या सेट परीक्षेचाच पेपर पुढे ठेवल्याच्या तक्रारी आल्या. १० जानेवारी २०२४ ला फेरपरीक्षा घेतली, तिच्यावरही ठिकठिकाणी बहिष्कार पडला. संशोधकाने मूळ विचार करावा अशी अपेक्षा ठेवणाऱ्या यंत्रणेला एक नवा पेपर काढता येऊ नये, यावर आम्ही अधिक काय लिहावे?

आणि त्याच डिसेंबरात, नागपूरच्या अधिवेशनात, तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधान परिषदेत विचारले की, ही मुले पीएच.डी. करून काय दिवे लावणार? टीका झाल्यावर त्यांनी खुलासाही केला. विषय सारथीच्या फेलोशिपचा होता, पण शब्द लागला तो सगळ्याच संशोधकांना. आम्ही तेव्हाही संतापलो आणि आजही संतापतो. मात्र सभागृहाचा तो प्रश्न बाजूला सारून आम्ही तोच प्रश्न आपल्या माणसांना आपुलकीने विचारू इच्छितो. शिक्षणशास्त्रातील पीएच.डी.ने सेनगावच्या जिल्हा परिषद शाळेत नेमका कोणता दिवा लागतो?

शिक्षणावरचे संशोधन कसे असते, हे आम्हाला परदेशी पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. जॉन ड्यूई यांच्यासारख्या शिक्षणतज्ज्ञाच्या वर्गात कोलंबियाला बसलेला आपला बाप १९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात आला, तेव्हा त्याच वर्षीच्या १२ मार्चला शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभा राहिला. ते भाषण काढून वाचावे. त्यात घोषणा नाही, आकडे आहेत. सरकार दरडोई शिक्षणावर खर्च करते चौदा आणे आणि दारूच्या अबकारीतून दरडोई वसूल करते दोन रुपयांहून अधिक, हा हिशेब त्यांनी सरकारच्याच कागदांवरून मांडला. या गतीने सगळी मुले शाळेत यायला चाळीस वर्षे आणि सगळ्या मुली यायला तीनशे वर्षे लागतील, हे गणित करून दाखवले. प्राथमिक शाळेत शंभर मुले दाखल झाली तर चौथीपर्यंत अठराच पोहोचतात, हे सांगितले. उरलेली ब्याऐंशी कोठे गेली, हा प्रश्न विचारणारा माणूस शिक्षणशास्त्राचा पदवीधर नव्हता, आणि त्या सभागृहात त्याच्याइतके शिक्षणशास्त्र कोणाला कळतही नव्हते.

पुढच्याच वर्षी, २९ मे १९२८ रोजी, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी सायमन कमिशनला मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी निवेदन दिले. आमच्या मते, आपल्या समाजाच्या शिक्षणावरचा पहिला प्रबंध तो हाच. त्यात १८५६ सालचे धारवाडचे प्रकरण आहे. एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मुंबई सरकारने न्याय मुलाच्या बाजूने आहे हे मान्य केले आणि तरीही त्याला प्रवेश देवविला नाही, कारण एकाला घेतले तर बाकीचे शाळा सोडतील! बाबासाहेबांनी या प्रकरणावर आरडाओरड केली नाही. त्यांनी सरकारी ठराव, पत्रव्यवहार आणि १८८२ च्या हंटर आयोगापासूनची कागदपत्रे एकापुढे एक ठेवली. महात्मा जोतीराव फुल्यांनीही त्याच हंटर आयोगापुढे निवेदन देऊन प्राथमिक शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गाकडे कसा झिरपत जातो, ते सांगितले होते. आपली परंपरा पुराव्याची आहे.

आता आजचे प्रबंध बघा. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातील प्रबंध कोणालाही उघडून वाचता येतात. अमुक तालुक्यातील नववीच्या विद्यार्थ्यांची तमुक विषयातील संपादणूक, अमुक अध्यापन पद्धतीची परिणामकारकता, शिक्षकांचे कार्यसमाधान. दोन गट करायचे, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-मूल्य, निष्कर्ष. पद्धत चुकीची आहे असे आमचे म्हणणे नाही. पण कित्येक प्रबंधांत तालुक्याचे नाव बदलले तरी एक ओळ बदलावी लागणार नाही. प्रबंध लिहून देणारी दुकाने विद्यापीठांच्या आजूबाजूला चालतात, हे सगळ्यांना माहीत आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनी दहा टक्क्यांवरच्या साम्याला वाङ्मयचौर्य ठरवले, तर शब्द फिरवून देणारी नवी दुकाने निघाली. तेथे पैसे मोजणाऱ्यांत आपली माणसे नसतात, असे छातीवर हात ठेवून कोणी सांगावे!

सेनगाव तालुक्यात शिक्षणाचे प्रश्न कमी पडले आहेत काय? दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुले वर्षाचे किती दिवस शाळेत असतात? त्यांच्यासाठी असलेले हंगामी वसतिगृह टोळी गावाबाहेर पडण्याआधी सुरू होते की नंतर? वीसपेक्षा कमी पट असलेल्या राज्यातील सुमारे पंधरा हजार शाळांच्या बाबतीत २०२३ मध्ये समूह शाळेची टूम निघाली. अशी शाळा हलवली तर तांड्यावरची सातवीतली मुलगी तीन किलोमीटर चालत जाईल की घरी बसेल? शिक्षण हक्क कायदा एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळेचे वचन देतो. ते वचन मोडले जात असेल तर कोर्टात आम्हाला आकडा लागतो, गावनिहाय, वर्षनिहाय. भाषणातले वाक्य न्यायमूर्ती ऐकून घेतात आणि पुढची तारीख देतात.

हा आकडा कोठे मिळेल, तेही सांगतो. प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत प्रवेश-निर्गम रजिस्टर असते. जात पडताळणीच्या कामात आम्हा वकिलांचा या रजिस्टराशी नेहमीचा संबंध. आजोबांची नोंद शोधायला आलेली माणसे मुख्याध्यापकांपुढे बसलेली असतात, जुनी पाने निजामाच्या काळातली असली तर उर्दू वाचणारा शोधावा लागतो. आम्ही त्यातली एक ओळ काढतो, साक्षांकित प्रत घेतो आणि रजिस्टर बंद होते. पण त्याच पानावर प्रवेशाची तारीख आहे, जात आहे, शाळा सोडल्याची तारीख आहे आणि सोडण्याचे कारणही आहे. एखाद्याने सेनगाव तालुक्यातल्या वीस शाळांची साठ वर्षांची रजिस्टरे घेऊन बसावे. बौद्ध, मातंग, बंजारा, आंध, मराठा, मुस्लिम, प्रत्येक समाजाची किती मुले पहिलीत आली, कोणत्या इयत्तेत गळाली, मुली कधी गळाल्या, १९७२ च्या दुष्काळात काय झाले, १९७८ च्या जाळपोळीनंतर आपल्या वस्तीतल्या किती मुलांची नावे कमी झाली, आश्रमशाळा आल्यावर काय फरक पडला. शंभरातले अठरा हा बाबासाहेबांचा हिशेब आपल्या तालुक्यापुरता पूर्ण करता येईल. मुलांची नावे अर्थातच छापायची नाहीत, मुख्याध्यापकांची आणि शिक्षण विभागाची लेखी परवानगी घ्यायची. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात २०२३ मध्ये सरकारनेच जुने दप्तर उपसले. मग संशोधकाला तेच दप्तर दाखवायला शिक्षणाधिकाऱ्यांनी का कुरकुरावे?

असा विषय घेऊन गेले की गाईड काय म्हणतात, याचीही आम्हाला कल्पना आहे. ‘हा विषय सामाजिक होतो, शैक्षणिक होत नाही.’ ‘जातीचे कशाला काढता?’ त्यात गाईडच थोडे. नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी, आणि महाविद्यालयांतील जागा तर रिकाम्या पडलेल्या. मागणारे अनेक, देणारा एक, म्हटल्यावर देणाऱ्याची मर्जी हाच नियम होतो. प्रवेशात मुलाखतीला तीस गुण. जेएनयूत २०१६ मध्ये अब्दुल नाफे समितीने तोंडी परीक्षेतील गुणांत वंचित घटकांशी भेदभाव होत असल्याचे आकड्यांनी दाखवून तीसचे पंधरा गुण करा, अशी शिफारस केली होती. तेथे गुणांच्या याद्या तपासल्या गेल्या म्हणून ते बाहेर आले. आपल्या विद्यापीठांत अशी तपासणी मागायला माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज पुरतो. शिक्षणशास्त्राच्या संशोधकाला याहून चांगला विषय आम्ही तरी सुचवू शकत नाही, फक्त तो आपला प्रबंध स्वीकारला गेल्यावर हाती घ्यावा, असा वकिली सल्ला.

नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही हे ध्यानात घ्यावे की, २०२२ च्या नियमावलीत अंशकालीन पीएच.डी.ची सोय आहे, संस्थेचे ना-हरकत पत्र लागते. आपल्या भगिनींना दोन वर्षांची जादा मुदत आणि २४० दिवसांपर्यंतची प्रसूती व बालसंगोपन रजा मिळते. ‘बाळंतपणाला गेलात, आता नोंदणी रद्द होईल’ असे कोणी दरडावले तर तसे लेखी मागावे. लेखी मागितले की आवाज खाली येतो, हा आमचा अनुभव आहे.

राहिला भाषेचा मुद्दा. शिक्षणशास्त्राचा प्रबंध मराठीत लिहिता येतो, आणि तो मराठीतच लिहावा, असे आम्ही म्हणतो. ज्या शाळांची रजिस्टरे वापरली त्या प्रत्येक शाळेत त्याची एक प्रत जावी, एक प्रत तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि एक गावच्या विहारात. येत्या वर्षावासात ग्रंथवाचन संपल्यावर दोन संध्याकाळी त्या प्रबंधातले गळतीचे तक्ते वाचून दाखवायला काय हरकत आहे? ज्यांची मुले त्या तक्त्यात आहेत ते समोरच बसलेले असतील आणि कोणता आकडा चुकला ते सांगतील. बॅनर लावायचेच असेल, तर शुभेच्छुकांचे चार फोटो कमी करून त्या जागी प्रबंधाचे शीर्षक छापावे.